माध्यमिक विद्यार्थ्यांचे संशोधन : प्रदर्शनापासून प्रकाशनापर्यंत

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे गाव लागते. काळ्या, भारी जमिनीचा हा मुलूख. कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बी ज्वारी ही इकडील प्रमुख पिके. मृग नक्षत्र जवळ आले की अशा गावात घरोघरी एकच चिंता असते : राखून ठेवलेले बियाणे उगवेल काय? ही चिंता निराधार नाही. २०२० च्या खरीप हंगामात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्याच्या अनेक भागांतून, विशेषतः मराठवाड्यातून आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. बियाणे उगवले नाही की दुबार पेरणी करावी लागते, आणि दुबार पेरणी म्हणजे बियाणे, मजुरी व वेळ यांचा दुहेरी खर्च.

वर केलेल्या प्रश्नाचा छडा नववी-दहावीचे विद्यार्थी लावू शकतील काय? लावू शकतील, असे या लेखाचे म्हणणे आहे. त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागत नाही. ओले गोणपाट, मोजलेले दाणे, एक वही आणि थोडी चिकाटी एवढे पुरते. मात्र आणखी एक गोष्ट लागते व नेमकी तीच आपल्या शाळांतून बहुधा राहून जाते. ती म्हणजे मिळालेले उत्तर इतरांना तपासता येईल अशा रीतीने लिहून प्रसिद्ध करणे.

दरवर्षी शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शने भरतात. विद्यार्थी उत्साहाने प्रतिकृती मांडतात, पाहुणे कौतुक करतात, बक्षिसे वाटली जातात. प्रदर्शन संपले की प्रतिकृती कपाटावर जाते आणि नोंदींची वही रद्दीत जाते. पुढील वर्षीची मुले पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतात. अशा प्रकारे दहा वर्षांत दहा प्रदर्शने होतात, परंतु ज्ञान एका वर्षाच्या पुढे सरकत नाही.

प्रकाशन कशासाठी?

प्रकाशन म्हणजे नाव छापून येणे, असा एक समज आहे. विज्ञानात प्रकाशनाचा अर्थ याहून निराळा आहे. मी काय विचारले, कसे तपासले, काय आढळले, हे मी उघड करतो. आता ज्याला शंका असेल त्याने तेच करून पाहावे, असे ते जाहीर आवाहन असते. जे तपासता येत नाही ते मत असते. जे तपासण्यासाठी चारचौघांपुढे ठेवले जाते, ते विज्ञानाच्या वाटेला लागते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात घडले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक होते. त्यांच्यापाशी मोठी पदवी नव्हती व विद्यापीठातील पदही नव्हते. चार अंकी संख्येतील अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास शेवटी ६१७४ हीच संख्या येते, हे त्यांनी शोधून काढले. अट एवढीच की चारही अंक सारखे नसावेत. वर्गात हे लगेच पाहता येईल. ३५२४ घ्या. ५४३२ मधून २३४५ वजा केल्यास ३०८७ येतात. ८७३० मधून ०३७८ वजा केल्यास ८३५२. आणि ८५३२ मधून २३५८ वजा केल्यास ६१७४. कोणतीही संख्या घेतली तरी सात पायऱ्यांच्या आत हाच शेवट होतो.

कापरेकरांनी आपले निष्कर्ष लहान नियतकालिकांतून व स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध केले. अनेकांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. तथापि छापील मजकूर टिकून राहिला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांच्या कार्याचा परिचय करून दिला आणि देवळालीच्या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. कापरेकरांनी हे सारे केवळ आपल्या वहीत ठेवले असते, तर आज ‘कापरेकर स्थिरांक’ हे नाव अस्तित्वात आले असते काय?

शाळकरी मुलांचे छापून आलेले संशोधन

हे झाले शिक्षकाचे उदाहरण. विद्यार्थ्यांचे संशोधन नामांकित पत्रिकांतून प्रसिद्ध झाल्याचे दाखलेही आहेत. त्यांपैकी दोन येथे पाहू.

अमेरिकेतील एमिली रोझा या मुलीने नवव्या वर्षी, चौथीत असताना, शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी एक प्रयोग केला. रुग्णाच्या अंगाला स्पर्श न करता, केवळ हात फिरवून त्याचे ‘ऊर्जाक्षेत्र’ आपल्याला जाणवते, असा दावा काही उपचारक करीत. एमिलीने एक पडदा उभा केला. उपचारकाने पडद्यातून दोन्ही हात पुढे करायचे. एमिलीने नाणेफेक करून त्यांपैकी एका हातावर काही अंतरावर आपला हात धरायचा. आणि तो कोणत्या हातावर आहे हे उपचारकाने सांगायचे. २१ उपचारकांच्या एकूण २८० चाचण्या झाल्या. केवळ अंदाजाने सांगितले तरी निम्मी उत्तरे बरोबर यावयास हवीत. प्रत्यक्षात १२३, म्हणजे ४४ टक्केच बरोबर आली. हा निबंध एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. तेव्हा एमिली ११ वर्षांची होती. लेखकांत तिच्या आईसह मोठ्या माणसांचीही नावे होती. मोठ्यांचा वाटा लपवलेला नव्हता, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील डेव्हन परगण्याचे. ब्लॅकऑटन या खेड्यातील प्राथमिक शाळेच्या ८ ते १० वर्षे वयाच्या २५ मुलांनी ‘बंबलबी’ जातीच्या माश्यांवर प्रयोग केले. त्यांना मेंदुविज्ञानाचे अभ्यासक बो लॉटो यांचे मार्गदर्शन होते. कोणत्या रंगाच्या ठिपक्यावर साखरपाणी मिळेल, हे माशी केवळ रंगावरून ओळखते की ठिपक्यांच्या मांडणीचाही उपयोग करते, असा मुलांचा प्रश्न होता. माश्या दोहोंचा उपयोग करून शिकू शकतात, असे त्यांना आढळले. डिसेंबर २०१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या पत्रिकेने तो निबंध छापला. त्याची भाषा मुलांची होती व आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या. सोबत दोन तज्ज्ञांचे भाष्यही होते; निबंधाचे गुण आणि मर्यादा दोन्ही वाचकांपुढे होत्या.

या दोन्ही प्रयोगांत महागडे उपकरण नाही. प्रश्न लहान व नेमका आहे. उत्तर आधी ठरवून टाकलेले नाही. प्रयोगाची रचनाच अशी आहे की आपला समज चुकीचा असल्यास तो उघडा पडावा. शालेय संशोधनाची खरी पात्रता हीच होय.

आपल्या राज्यातील पायऱ्या

अशा कामाला पूरक ठरणाऱ्या संस्था व उपक्रम आपल्याकडे आहेत. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान शिक्षणाच्या क्षेत्रात काम करीत आहे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ साली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेबरोबर कृतिसंशोधनाचा प्रकल्पही असतो. १९९३ मध्ये राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी आपल्या परिसरातील प्रश्न निवडावा, मार्गदर्शकाच्या साहाय्याने त्याचा अभ्यास करावा, नोंदवही ठेवावी आणि जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवर तो मांडावा, अशी तिची रचना आहे. केंद्र शासनाच्या ‘इन्स्पायर–मानक’ योजनेतून निवड झालेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याला १०,००० रुपयांचे साहाय्य मिळते.

उणीव आहे ती यापुढची. निवड न झालेल्या प्रकल्पांचा अहवाल बहुधा शाळेतच राहतो. वास्तविक स्पर्धेत क्रमांक न मिळालेला प्रकल्पही गावाच्या दृष्टीने मोलाचा असू शकतो. परीक्षकांचा निर्णय आणि संशोधनाचे मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एक नमुना : सोयाबीनची उगवण

आता पुन्हा पिंगळीकडे वळू. समजा, नववीच्या पाच विद्यार्थ्यांच्या गटाने प्रश्न घेतला : घरचे सोयाबीन बियाणे गोणपाटाच्या पोत्यात अधिक चांगले टिकते की प्लॅस्टिकच्या? सोयाबीनचे टरफल पातळ असते. मळणीच्या माराने, ओलाव्याने व उष्णतेने त्याची उगवणक्षमता लवकर घटते, हे कृषिशास्त्राला ठाऊक आहे. परंतु आपल्या गावातील घरांत, आपल्या उन्हाळ्यात, आपल्या साठवणुकीत ती नेमकी किती घटते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते मुलांनाच मोजावे लागेल. मूळ संशोधन म्हणतात ते हेच.

पाच घरे निवडावीत. प्रत्येक घरी एकाच शेतातील, एकाच वाणाचे, एकाच दिवशी मळलेले बियाणे दोन प्रकारच्या पोत्यांत भरून शेजारी शेजारी ठेवावे. नोव्हेंबर, फेब्रुवारी व मे अशा तीन महिन्यांत प्रत्येक पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून दाणे घ्यावेत. ते न निवडता, जसे हाती येतील तसे मोजावेत. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून ओलसर राखावी आणि साधारण एका आठवड्याने सुदृढ कोंब आलेले दाणे मोजावेत. गुंडाळीवर केवळ सांकेतिक क्रमांक असावा. कोणती गुंडाळी कोणत्या पोत्यातील आहे, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावे. मोजणाऱ्याच्या मनातील अपेक्षा आकड्यांत उतरू नये म्हणून ही खबरदारी.

दाणे किती घ्यावेत? येथे बहुतेक शालेय प्रकल्प फसतात. ज्या बियाण्याची खरी उगवण ७० टक्के आहे, त्याचे १०० दाणे पुन्हा पुन्हा तपासले तर दर वेळी ७० च उगवतील असे नाही. जवळजवळ दर तीन चाचण्यांपैकी एकीत पाच किंवा त्याहून अधिक दाण्यांचा फरक निव्वळ योगायोगाने पडतो. म्हणून एका पोत्याचे ६६ व दुसऱ्याचे ७२ आले, एवढ्यावरून दुसरे चांगले असे म्हणता येत नाही. ४०० दाणे घेतल्यास हा योगायोगाचा हेलकावा निम्म्यावर येतो. आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण पद्धतीतही ४०० दाण्यांचीच चाचणी घेतली जाते. मुलांना हे पटवून देणे सोपे आहे. हजार दाण्यांपैकी तीनशेंना शाई लावून ते मिसळावेत. डोळे मिटून १०० दाणे काढावेत, मोजावेत व परत टाकावेत. वीस वेळा असे केले की योगायोग म्हणजे काय, हे सूत्रावाचून कळते.

दहा पोत्यांचे प्रत्येकी ४०० म्हणजे एका फेरीला ४,००० दाणे होतात. वजनाने ते सुमारे अर्धा किलो भरतील आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला ८०० दाणे येतील. काम कष्टाचे आहे, पण आवाक्याबाहेरचे नाही. जवळच परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. प्रयोगाची आखणी सुरुवातीसच तेथील एखाद्या जाणकाराला दाखविल्यास बऱ्याच चुका टळतील.

निष्कर्षाचा उपयोगही तत्काळ आहे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी, असा दंडक आहे. तेवढ्या उगवणीस एकरी ३० किलो बियाणे धरले, तर ६० टक्के उगवणीस ३५ किलो लागेल. हे त्रैराशिक सातवीच्या मुलालाही सुटते. पेरणीपूर्वी ते सोडविले गेले तर एखाद्या घरची दुबार पेरणी वाचू शकेल.

लेखाची मांडणी

संशोधनलेखाचे अंग ठरलेले असते. प्रारंभी प्रश्न व तो का घेतला याचे कारण, नंतर या विषयी पूर्वी काय माहीत आहे, मग पद्धती, त्यापुढे आढळलेले आकडे, आणि शेवटी त्यांचा अर्थ व मर्यादा. पद्धती इतकी स्पष्ट लिहावी की दुसऱ्या गावच्या मुलांना केवळ लेख वाचून तोच प्रयोग करता यावा. आकडे सर्व द्यावेत. गैरसोयीचे आकडे वगळू नयेत. एखाद्या घरचे पोते उंदरांनी कुरतडले असल्यास तसे लिहावे. दोन्ही पोत्यांत काहीच फरक आढळला नाही, तर तेही उत्तरच आहे आणि तेही छापण्यायोग्य आहे. नोंदवहीत पेनाने लिहावे, तारीख घालावी आणि चूक झाल्यास ती खोडून न टाकता एक रेघ ओढून शेजारी दुरुस्ती करावी.

भाषा मुलांची असावी. शिक्षकांनी प्रश्न विचारून लेख सुधारून घ्यावा. स्वतः लिहून देऊ नये. शिक्षकाने लिहिलेला लेख विद्यार्थ्याच्या नावावर छापला गेला, तर विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात मूल असत्य शिकते. त्यापेक्षा अडखळत लिहिलेले एक खरे पान कितीतरी मोलाचे. ज्यांनी मदत केली त्यांची नावे व मदतीचे स्वरूप लेखाच्या शेवटी नमूद करावे.

काही पथ्ये

ज्या शेतकऱ्याच्या घरचे बियाणे तपासले, त्याची संमती घ्यावी व त्याचे नाव लेखात देऊ नये. ‘घर क्रमांक १’ असे लिहावे. एका गावातील पाच घरांच्या चाचणीवरून कोणत्याही दुकानदारावर वा कंपनीवर ठपका ठेवू नये. माणसे किंवा प्राणी यांच्यावर प्रयोग करावयाचा असल्यास आधी जाणकारांची परवानगी आवश्यक आहे. छायाचित्र अथवा नाव छापण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी.

आणखी एक धोक्याची सूचना द्यावयास हवी. पैसे भरले की काहीही छापणाऱ्या तथाकथित संशोधनपत्रिकांचा अलीकडे सुळसुळाट झाला आहे. ‘चार दिवसांत प्रसिद्धी’, ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ असली आमिषे त्या दाखवितात. ज्या पत्रिकेचे परीक्षक लेखावर एकही शंका काढत नाहीत, तेथे छापून येण्याने काहीच सिद्ध होत नाही. पालकांनी व शिक्षकांनी अशा मोहापासून दूर राहावे.

कोठे प्रसिद्ध करावे?

पहिले प्रकाशन गावातच व्हावे. शाळेचे भित्तिपत्रक, वार्षिक अंक आणि ग्रामपंचायतीचा सूचनाफलक ही त्याची स्थाने. खरिपापूर्वीच्या ग्रामसभेत विद्यार्थ्यांनी आपले आकडे वाचून दाखवावेत आणि शंकांना उत्तरे द्यावीत. चाळीस पावसाळे पाहिलेल्या शेतकऱ्याइतका कसून प्रश्न विचारणारा परीक्षक अन्यत्र मिळणे कठीण. त्यातून तावून सुलाखून निघालेला लेख नंतर मराठी विज्ञान नियतकालिकांच्या संपादकांकडे पाठवावा.

इंग्रजीतून लिहू शकणाऱ्यांसाठी ‘जर्नल ऑफ इमर्जिंग इन्व्हेस्टिगेटर्स’ ही पत्रिका आहे. हार्वर्ड विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये सुरू केलेली ही पत्रिका केवळ शालेय विद्यार्थ्यांचे मूळ संशोधन छापते. लेखासोबत प्रौढ मार्गदर्शक असावा लागतो. परीक्षक सुधारणा सुचवितात व लेखकाला त्यांना उत्तरे देऊन लेख पुन्हा लिहावा लागतो. या देवघेवीत मुलांना मिळणारे शिक्षण छापील पानाहून मोठे असते. गणितातील कामासाठी अझीम प्रेमजी विद्यापीठाशी निगडित, २०१२ पासून निघालेल्या ‘अ‍ॅट राइट अँगल्स’ या नियतकालिकाचा मार्ग आहे.

अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना

या कामी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. शाळेने नोंदवह्या जपून ठेवण्यासाठी एक कपाट राखावे आणि नव्या गटाने मागील वर्षाची वही वाचूनच काम सुरू करावे. केंद्रप्रमुखांनी आपल्या केंद्रातील शाळांचे अहवाल एकत्र करून वर्षातून एक पुस्तिका काढावी. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. मुलांनी टिपलेल्या झाडांच्या, पक्ष्यांच्या व पिकांच्या वाणांच्या नोंदी, पडताळणी करून, तीत समाविष्ट करता येतील. विहिरींची महिनावार पाणीपातळी किंवा कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे साप्ताहिक निरीक्षण हेही असेच उपयुक्त विषय आहेत.

पंचायत सदस्यांवर एक विशेष जबाबदारी येते. मुलांचे निष्कर्ष नेहमीच रुचतील असे नाही. एखाद्या प्रतिष्ठिताच्या घरचे बियाणे निम्मेच उगवते, किंवा गावाची जुनी समजूत चुकीची आहे, असेही आढळेल. अशा वेळी मुलांना गप्प बसविले तर ती पुन्हा प्रश्न विचारणार नाहीत. उलट, “आपण पुन्हा मोजून पाहू,” असे एखाद्या वडीलधाऱ्याने म्हटले, तर संपूर्ण गावाला विज्ञानाचा धडा मिळेल.

येत्या मृगापूर्वी पिंगळीसारख्या एखाद्या गावाच्या सूचनाफलकावर मुलांच्या हस्ताक्षरातील उगवणीचा तक्ता लागावा. येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून तो वाचावा, एखाद्याने घरी जाऊन शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळावेत. तेवढे झाले तरी त्या मुलांचे संशोधन खऱ्या अर्थाने प्रकाशित झाले, असे म्हणता येईल.